तात्पर्याची परीक्षा : विधिशिक्षणाच्या प्रवेशाची पूर्वतयारी



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या बाईंनी या शाळेत हयातभर मराठी शिकविले. त्यांच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘‘संतवाङ्मय शिकविण्यात जन्म घालविलेला मनुष्य वकिलीच्या प्रवेशपरीक्षेवर काय बोलणार?’’ प्रश्न रास्त आहे. मी वकील नाही. परंतु ही परीक्षा जे तपासते ते माझ्याच विषयाच्या अंगणातले आहे, असे मला काही वर्षांपूर्वी उमगले. ते कसे, हे सांगण्यासाठी एका प्रसंगापासून आरंभ करतो.

१. एका शब्दाची किंमत

आपल्या सांवेर रोडवर भोंग्याबरोबर दिवस उजाडतो, हे आपणांस सांगावयास नको. येथील एका कारखान्यात एकोणीस वर्षे काम केलेले एक गृहस्थ चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. ते या शाळेचे माजी विद्यार्थी. बरोबर अकरावीत शिकणारी मुलगी होती. त्यांच्या हातात इंग्रजीत टंकलिखित केलेला एक कागद होता आणि खाली त्यांची सही होती. हिशेबाची पावती समजून त्यांनी ती केली होती. त्या कागदात ‘व्हॉलंटरिली’ असा एक शब्द होता. व्हॉलंटरिली म्हणजे स्वेच्छेने. कामावरून कमी केलेला मनुष्य त्या एका शब्दाने कागदोपत्री आपणहून निघून गेलेला ठरला होता.

मी कागदाचा अर्थ सांगितला. वडील खाली मान घालून बसले. मुलगी मात्र म्हणाली, ‘‘सर, हा शब्द बाबांना वाचता आला असता तर त्यांनी सही केली नसती ना? मग मला हेच शिकायचे आहे. वकिलीच्या परीक्षेची तयारी कशी करतात?’’

मला उत्तर ठाऊक नव्हते. मी तिला आठ दिवसांनी यावयास सांगितले आणि दरम्यान मागील प्रश्नपत्रिका मिळवून वाचून काढल्या. आज जे सांगणार आहे ते त्या आठ दिवसांत आणि पुढच्या दीड वर्षात त्या मुलीबरोबर बसून मी शिकलो.

२. परीक्षेचे स्वरूप

बारावीनंतर पाच वर्षांच्या सलग विधिशिक्षणाची जी राष्ट्रीय विद्यापीठे आज आपण पाहतो, त्यांचा आरंभ बंगळूरला झाला. तेथील नॅशनल लॉ स्कूलमध्ये प्रा. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली पहिली तुकडी बसली. त्याच धर्तीवर पुढे हैदराबाद, कोलकाता, जोधपूर अशी विद्यापीठे निघाली; आपल्या राज्यात भोपाळची संस्था १९९७ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि २०१८ साली जबलपूरला धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत.

प्रारंभी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी असे. एका मुलाने पाच ठिकाणी अर्ज करावा, पाच शुल्के भरावी आणि दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तर एक सोडावी, अशी अवस्था होती. याविरुद्ध २००६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि तिच्या परिणामी २००८ च्या मे महिन्यात सात विद्यापीठांनी मिळून पहिली सामाईक परीक्षा घेतली. हीच ‘क्लॅट’. आज पंचवीसच्या आसपास विद्यापीठे तिच्यात सामील आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा मात्र वेगळी आहे.

डिसेंबर २०२३ पासून या परीक्षेत एकशेवीस प्रश्न आणि एकशेवीस मिनिटे असतात. बरोबर उत्तराला एक गुण. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. चार चुका केल्या की एक बरोबर उत्तर वाया गेले, हा हिशेब मुलांनी नीट समजून घ्यावा. विभाग पाच आहेत. चालू घडामोडी व सामान्य ज्ञान आणि विधिविषयक तर्क यांना प्रत्येकी सुमारे पाव हिस्सा. इंग्रजी आणि सामान्य तर्क यांना प्रत्येकी सुमारे पाचवा हिस्सा. आणि गणिताला उरलेला सुमारे दहावा हिस्सा. गणित दहावीच्या पातळीचे असते: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी. त्याला भिण्याचे कारण नाही.

या परीक्षेतील खरा पालट २०२० साली झाला. त्यापूर्वी सुटे प्रश्न येत. अमुक कलम कोणते, अमुक करार केव्हा झाला, असे पाठ करून सांगण्याजोगे बरेच असे. २०२० पासून जवळजवळ सर्व प्रश्न उताऱ्यावर आधारलेले असतात. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली चार-पाच प्रश्न. गणित वगळून हिशेब केला तर दोन तासांत मुलाला दहा हजारांच्या जवळपास शब्द वाचावे लागतात. प्रत्येक उताऱ्याला, प्रश्नांसह, जेमतेम पाच मिनिटे मिळतात.

हा कल केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत पदवीनंतर जी ‘एलसॅट’ नावाची विधिप्रवेश परीक्षा १९४८ पासून घेतली जाते, तिच्यातील कोड्यांचा प्रसिद्ध विभाग ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकण्यात आला. आता तेथे तर्कयुक्त परिच्छेद आणि वाचन एवढ्यांवरच गुण मिळतात. आपले अनेक माजी विद्यार्थी परदेशी स्थायिक आहेत, त्यांची मुले याच परीक्षेला बसत असतील. दोन्ही परीक्षांचे म्हणणे आता एकच झाले आहे: तुला कायदा येतो का, हे आम्ही विचारत नाही, तुला वाचता येते का, एवढेच विचारतो.

३. घड्याळाचा दाखला

‘वाचता येणे’ म्हणजे काय, हे कायद्यातल्याच एका उदाहरणाने सांगतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीच्या व्याख्येखाली काही दृष्टांत दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी चोरीच्या कलमाखाली, म्हणजे आताच्या कलम ३०३ खाली, ते दृष्टांत कायम आहेत. त्यांतील दोन मी माझ्या शब्दांत सांगतो.

एका गृहस्थाने आपले घड्याळ दुरुस्तीला दिले. दुकानदाराचे त्याच्याकडे काहीही येणे नाही. गृहस्थ उघडपणे दुकानात शिरतो, दुकानदाराच्या हातातून घड्याळ हिसकावतो आणि निघून जातो. ही चोरी आहे काय? नाही, असे कायदा म्हणतो. दांडगाई झाली असेल, अतिक्रमण झाले असेल. परंतु हेतू बेइमानीचा नव्हता, म्हणून चोरी नव्हे.

आता दुसरा दृष्टांत. तेच घड्याळ, तोच दुकानदार. परंतु दुरुस्तीचे पैसे देणे आहे आणि ते मिळेपर्यंत दुकानदाराने घड्याळ तारण म्हणून कायदेशीरपणे ठेवून घेतले आहे. ते तारण बुडावे या हेतूने मालक घड्याळ नेतो. येथे कायदा म्हणतो, ही चोरी आहे. स्वतःच्या मालकीच्या वस्तूची चोरी.

वर्गात हे उदाहरण सांगितले की मुले चमकतात. आपल्याच घड्याळाची चोरी कशी होईल? याचे कारण, ती मुले नियम वाचत नाहीत. मनातला नियम उताऱ्यावर लादतात. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू घेणे, असा त्यांच्या मनातला नियम असतो. कायद्यात मात्र वस्तू ‘ताब्यातून’ घेतल्याचा उल्लेख आहे, मालकीतून नव्हे. दोन दृष्टांतांत फरक आहे तो ‘देणे आहे’ एवढ्या दोन शब्दांचा.

विधिविषयक तर्काचे प्रश्न नेमके असेच असतात. उताऱ्यात एक तत्त्व सांगितलेले असते, प्रश्नात एक हकीगत असते आणि ते तत्त्व त्या हकीगतीला लावून दाखवावयाचे असते. कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षित नाही, असे परीक्षा घेणारेच सांगतात. कलमांचे क्रमांक पाठ करण्यात वर्ष घालविणाऱ्या मुलांनी याची नोंद घ्यावी. उताऱ्यात दिलेला नियम आपल्या न्यायबुद्धीला पटला नाही तरी उत्तर त्याच नियमाने द्यावयाचे असते. आपले मत बाजूला ठेवून दुसऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे समजून घेणे, ही पहिली पायरी. आणि मला विचाराल तर अवघडही हीच.

४. टिळकांचा वर्ग आणि मीमांसेचा नियम

परीक्षेच्या तयारीचे वर्ग म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे भंवरकुआँच्या चौकातील पाट्या येतात. परंतु कायद्याच्या परीक्षेसाठी मुलांना तयार करणारा एक वर्ग मराठी माणसाने पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी चालविला होता. तो चालविणारे होते बाळ गंगाधर टिळक. १८७९ साली एलएल.बी. झालेल्या टिळकांनी वकिली केली नाही. परंतु १८९० च्या सुमारास त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग काढला आणि जिल्हा वकिलीच्या व हायकोर्ट वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविले. त्यांच्या चरितार्थाचे ते एक साधन होते.

याच टिळकांनी पुढे मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी एक प्रश्न उभा केला: एकाच गीतेतून प्रत्येक आचार्य वेगळे तात्पर्य काढतो, तर खरे तात्पर्य ठरवावयाचे कसे? त्यासाठी त्यांनी पूर्वमीमांसेतील तात्पर्यनिर्णयाची जुनी कसोटी पुढे मांडली. एम.ए.च्या वर्गाला हा भाग मी अनेक वर्षे शिकविला. परंतु ती कसोटी इंग्रजी उताऱ्याला लावून पाहण्याची बुद्धी मला त्या मुलीने दिली.

कसोटीची अंगे सहा आहेत. पहिले उपक्रम आणि उपसंहार: लेखकाने आरंभ कोठे केला आणि शेवट कोठे केला ते पाहा. दुसरे अभ्यास: येथे अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, कोणती गोष्ट तो पुन्हापुन्हा सांगतो? तिसरे अपूर्वता: सर्वांना ठाऊक नसलेले असे नवे तो काय सांगतो आहे? चौथे फल: त्याचे म्हणणे मान्य केले तर परिणाम काय होईल? पाचवे अर्थवाद: स्तुती, निंदा, दाखले, सजावट, म्हणजे मुख्य विधान पटावे म्हणून घातलेला मजकूर. सहावे उपपत्ती: म्हणण्याला आधार म्हणून दिलेली कारणे.

आता परीक्षेतील प्रश्न आठवून पाहा. ‘उताऱ्याचा मध्यवर्ती मुद्दा कोणता’ हा उपक्रमोपसंहाराचा प्रश्न झाला. ‘लेखकाचा निष्कर्ष कोणत्या गृहीतावर उभा आहे’ हा उपपत्तीचा. ‘हे खरे मानले तर पुढीलपैकी काय निष्पन्न होईल’ हा फलाचा. आणि चुकीचे पर्याय कोठून येतात? बहुधा अर्थवादातून. उताऱ्यात सहज आलेला एखादा लक्षवेधी दाखला उचलून त्यालाच मुख्य विधान म्हणून पर्यायात मांडलेले असते. घाईत वाचणारे मूल ओळखीचा शब्द दिसला की तोच पर्याय निवडते. त्या मुलीच्या पहिल्या सराव परीक्षेत चुकलेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून अधिक याच जातीची होती.

मग आम्ही एक क्रम ठरविला. रोज एकच उतारा. प्रथम घड्याळ लावून सोडवावयाचा. नंतर घड्याळ बाजूला ठेवून त्याच उताऱ्याचे सारांशलेखन मराठीत, चार वाक्यांत. या चार वाक्यांत अर्थवाद आला तर मी तांबड्या शाईने खोडत असे. शेवटी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकीचे कारण एका शब्दात लिहावयाचे: ‘घाई’, ‘शब्द’, ‘मनातला नियम’, ‘अर्थवाद’. तीन महिन्यांनी वही चाळली तेव्हा तिची चूक कोठे होते हे तिचे तिलाच दिसले. चुकांची अशी वही नसेल तर शंभर सराव परीक्षा देऊनही मूल आहे तेथेच राहते. अर्थात डिसेंबरमध्ये परीक्षा आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत बारावीचा बोर्ड, हे लक्षात घेता हा क्रम अकरावीतच सुरू झाला पाहिजे.

५. भाषेची अडचण

ही परीक्षा इंग्रजीत होते. प्रादेशिक भाषांतून ती घ्यावी यासाठी २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. परंतु परीक्षा आजही इंग्रजीतच आहे. याविषयी माझे मत काय असेल ते आपण ओळखलेच असेल. तथापि ज्याला येत्या डिसेंबरमध्ये परीक्षा द्यावयाची आहे, त्याला माझ्या मताचा उपयोग नाही. त्याला मार्ग हवा.

इंदूरच्या मराठी घरातील मूल घरी मराठी, रस्त्यावर माळव्याची हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढते. पुढे वकील झाल्यावर जिल्हा न्यायालयात त्याला हिंदी लागेल आणि महात्मा गांधी मार्गावरील खंडपीठापुढे इंग्रजी लागेल. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरविली आहे. मध्य प्रदेशात कामकाजात हिंदीलाही मुभा आहे. अशा मुलाची अडचण इंग्रजी शब्दांची जितकी असते, तितकीच ती इंग्रजी वाक्यरचनेची असते. कायद्याच्या वाक्यात मुख्य क्रियापद दूर असते आणि मध्ये ‘परंतु’, ‘जोवर’, ‘त्याखेरीज’ अशी उपवाक्ये दाटीने बसलेली असतात. मूल मनातल्या मनात शब्दशः भाषांतर करीत जाते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरते.

यावर एक उपाय आम्हांस लागू पडला. संविधानाची अधिकृत मराठी आवृत्ती आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद वाचावयाचा. आधी मराठी, मग इंग्रजी. अर्थ आधीच ठाऊक असल्याने लक्ष वाक्याच्या बांधणीकडे जाते. अडलेल्या संज्ञेसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ हाताशी ठेवावा. शिवाय सर्वोच्च न्यायालय आपल्या अनेक निर्णयांची भाषांतरे मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करून देत आहे. मूळ निर्णय आणि भाषांतर जोडीने वाचण्याची ही सोय आमच्या पिढीला नव्हती. चालू घडामोडींसाठी वर्षभर एक इंग्रजी दैनिक पुरे, मात्र अग्रलेख आणि न्यायालयीन वृत्ते चुकवू नयेत. परीक्षेच्या आदल्या महिन्यात जाडजूड संकलने विकत घेणाऱ्यांना ती बातम्यांची नावे देतात, संदर्भ देत नाहीत.

मातृभाषेत नीट वाचता येणारे मूल इंग्रजीत उशिरा का होईना, नीट वाचू लागते. परंतु कोणत्याच भाषेत नीट न वाचणारे मूल दोन्हीकडे अडते. बाईंच्या मराठीच्या तासाला ‘उताऱ्यावरील प्रश्न’ सोडविलेल्या कोणाही माजी विद्यार्थ्याला हे पटेल.

६. अर्ज, अधिवास आणि पसंतीक्रम

परीक्षेइतकेच लक्ष अर्जाकडे द्यावे लागते आणि तेथे आपली कुटुंबे फसतात. बारावीत सर्वसाधारण प्रवर्गाला पंचेचाळीस टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना चाळीस टक्के गुण असावे लागतात. बारावीत शिकत असताना परीक्षेला बसता येते. अर्ज पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या मागेपुढे बंद होतात. अर्जाचे शुल्कच चार हजारांच्या घरात आहे आणि निकालानंतर समुपदेशनाच्या वेळी हजारोंची वेगळी रक्कम भरावी लागते. पुढे शिक्षणाचा खर्च वर्षाला काही लाखांत जातो. तेव्हा शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि उत्पन्नाचा दाखला यांची चौकशी अर्जाबरोबरच करावी. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेली ‘आयडिया’ ही संस्था वंचित घरांतील मुलांना या परीक्षेसाठी निवडून शिकविते, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा घोटाळा अधिवासाचा. बहुतेक विधी विद्यापीठांत काही जागा त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. भोपाळला मध्य प्रदेशच्या मुलांसाठी आहेत, मुंबई-नागपूरला महाराष्ट्राच्या. इंदुरातील कित्येक मराठी पालक समजतात की आपली मातृभाषा मराठी, आपले मूळ गाव सातारा किंवा रत्नागिरी, तेव्हा महाराष्ट्राच्या जागांवर आपला हक्क आहे. तसे नाही. भाषा मराठी असणे आणि अधिवास महाराष्ट्राचा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. होळकरांबरोबर आलेले घराणे असले तरी आपण मध्य प्रदेशचेच रहिवासी, आणि आपला लाभ भोपाळ-जबलपूरच्या यादीत आहे. अधिवासाचा आणि जातीचा दाखला तहसील कार्यालयातून मिळण्यास वेळ लागतो. निकालानंतर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रातील इतर विधी महाविद्यालयांत, म्हणजे मुंबईचे १८५५ चे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे १९२४ चे आय.एल.एस. अशा ठिकाणी, प्रवेश महाराष्ट्र राज्याच्या वेगळ्या सामाईक परीक्षेतून होतो. ही परीक्षा २०१६ पासून घेतली जाते, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि ती मराठीतूनही देता येते. बाहेरच्या राज्यांतील उमेदवारांना तेथे जागा थोड्या असतात. पण वाट बंद नाही.

समुपदेशनात पसंतीक्रम लिहिताना नावाच्या वलयापेक्षा खर्च, अंतर आणि अधिवासाच्या जागा यांचा विचार करावा. जागा मिळाल्यावर ती पक्की करणे, ती धरून वरच्या पसंतीची वाट पाहणे किंवा प्रक्रियेतून बाहेर पडणे, असे पर्याय पुढे येतात. कोणता निवडावा हे घरात आधीच ठरलेले असावे. मुदत थोडी असते आणि एकदा दिलेला शब्द फिरविता येत नाही. उत्तरसूचीत चूक वाटली तर मुदतीत आक्षेप नोंदवावा. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतील काही उत्तरांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये त्याचा निकाल लागला.

अर्जातील एक कागद किती मोलाचा असतो, हे येथून जवळच, महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. १९१६ साली लंडनच्या ‘ग्रेज इन’मध्ये त्यांनी बॅरिस्टरीसाठी नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना ऑक्सफर्डला १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसण्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली; परीक्षा दिली तरी पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना ती देण्याची प्रथा तेव्हा नव्हती. भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ साली झाला. दरवाजा बंद असताना या दोघांनी अर्ज करणे सोडले नाही. आज दरवाजा उघडा आहे. निदान आपला अर्ज तरी चुकीचा नसावा.

७. समारोप

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. तिच्या वेळी प्रश्न दीडशे होते. पेपर बरा गेला, पण भोपाळची जागा थोड्या क्रमांकांनी हुकली. दूरच्या विद्यापीठाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. तिने याच शहरातील एका महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आज ती तिसऱ्या वर्षात आहे. हे मी मुद्दाम सांगतो. परीक्षेत जागा हुकणे म्हणजे विद्या हुकणे नव्हे. ज्यांची पदवी आधीच झाली आहे त्यांना तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाटही मोकळी आहे.

तिच्या वडिलांचे प्रकरण अद्याप चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण गेल्या वर्षापासून ती रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीत एका ओट्यावर बसते. लोक भाडेकराराचे, कर्जाचे, नोकरीचे कागद घेऊन येतात. ती सल्ला देत नाही. अजून तो अधिकार आपल्याला नाही हे ती जाणते. कागदात काय लिहिले आहे एवढेच ती मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखविते, आणि सही त्यानंतर करा म्हणते.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. या शाळेत आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर, एक वाचनवर्ग सुरू व्हावा. त्यासाठी फार काही लागणार नाही: संविधानाच्या मराठी व इंग्रजी प्रती, एक कोश, एक इंग्रजी दैनिक आणि मुलांच्या शेजारी तासभर बसणारी दोन वडीलधारी माणसे. आपणांपैकी काही वकील आहेत, काही निवृत्त आहेत. त्या वर्गातून किती मुले राष्ट्रीय विद्यापीठांत जातील हे कोणी सांगावे? पण न वाचता सही करणारे हात या परिसरात थोडे तरी कमी होतील. बाईंचे स्मारक याहून वेगळे काही असावे, असे मला वाटत नाही.